विसराळू ब्राउझर आणि एक कासव

गुपित ठेवावं तर मीच ठेवावं. चौतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करत होतो. लिफ्टच्या छतावर बसून खालच्या माणसांचं जे काही कानावर पडलं, त्यातलं एक अक्षर मी कधी बाहेर सांगितलं नाही. जे सांगितलं ते सगळं मी रचलेलं होतं.

आमच्या घरात हे सर्वांना ठाऊक आहे. बाहेर ऊन पडलंय असं मी म्हणालो, तर बायको आधी खिडकीशी जाते आणि मगच कपडे वाळत घालते. एकदा मी खरोखरच शिडीवरून पडलो, पाय मोडला, घरी फोन केला. ती म्हणाली, "कितव्या मजल्यावरून?" मी म्हटलं, "तिसऱ्या पायरीवरून." तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. एवढा लहान आकडा मी उगाच सांगणार नाही, हे तिला माहीत होतं.

तर त्या सोमवारी छातीच्या डॉक्टरांनी एक काळा फोटो उजेडावर धरला आणि उजव्या फुप्फुसातल्या पांढऱ्या डागावर पेनाचं टोक टेकवलं.

"तुकडा तपासून आलाय," ते म्हणाले. "चांगला नाही."

"म्हणजे किती वाईट?"

"तुमच्यासोबत कुणी आलंय का?"

जो डॉक्टर प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो, त्याला पुढचं काही विचारू नये. मी म्हटलं, "आलीय की. खाली गाडी लावतेय." खाली कुणी नव्हतं. आमच्याकडे गाडीही नव्हती. डॉक्टर पुढे बरंच बोलले, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हे अकरा दिवस लपवायचं, आणि ते मला जमणार.

अकरा दिवसांचं कारण म्हणजे बायकोचा डोळा. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, डावा त्याच वाटेवर. ऑपरेशनची तारीख तिने तीनदा पुढे ढकलली होती. एकदा मुलगी घर बदलत होती म्हणून, एकदा मला सर्दी झाली म्हणून, आणि एकदा शेजारीण परगावी गेली तर तिच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, "डोळ्यातला दाब वाढत चाललाय. ही तारीख चुकलीत तर पुढच्या वेळी मी असेन, माझी हत्यारं असतील, पण तुमचा डोळा नसेल." पुढच्या आठवड्यातला शुक्रवार ठरला.

माझ्या सर्दीसाठी जिने डोळा थांबवला, ती फुप्फुसासाठी काय करेल हे वेगळं सांगायला नको.

तोंड बंद ठेवणं सोपं होतं. अडचण वेगळीच निघाली. रुग्णालयाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही आता कागद देत नाही. रिपोर्ट, औषधं, तारीख, सगळं साइटवर येईल. रोज बघत जा, तारीख बदलते." माझा फोन बटणांचा. त्यात पाहायला मिळतात ते फक्त दहा आकडे आणि एक साप. राहिला घरातला कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर म्हणजे जावयाने टाकून दिलेला डबा. तो सुरू करून चहा टाकावा, चहा प्यावा, कप विसळून ठेवावा, मग तो उघडतो. त्यातून तो बाहेरच्या खोलीत, भर रस्त्यात. बायकोला दिसत नाही म्हणून तिने अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली की समोरच्या इमारतीतल्या माणसाने आमचं विजेचं बिल वाचावं. शिवाय त्यातला जुना ब्राउझर भलताच चोंबडा. एक अक्षर दाबलं की त्या अक्षराने सुरू होणारं घरातल्या प्रत्येकाने आजवर जे जे शोधलं, ते सगळं पुढ्यात मांडायचा. आणि जावयाने सोय म्हणून आमचा डबा मुलीच्या फोनशी जोडून दिलेला. एकदा बायकोने गुडघ्याचा पट्टा शोधला. महिनाभर मुलीच्या फोनवर गुडघ्याचे पट्टे, मग काठ्या, मग चाकांची खुर्ची. मुलगी रडतच घरी आली, "आई, तू मला सांगत का नाहीस?"

मी माझ्या दुखण्याचं नाव त्यात टाकलं असतं, तर चार दिवसांत मुलीच्या फोनवर केसांचे टोप आले असते, आणि पाचव्या दिवशी ती स्वतः.

म्हणून दुसरा ब्राउझर घ्यायचं ठरवलं. आता मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण यंत्र शेवटी यंत्र. लिफ्ट असो, शिवणयंत्र असो, मी तीन गोष्टी विचारतो. वेग किती, वजन किती पेलतं, आणि दार नीट लागतं का. हे तीन विचारले की कुणी फसवू शकत नाही. मंगळवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, कानामागे स्क्रूड्रायव्हर. माझे तिन्ही प्रश्न त्याने शांतपणे ऐकले.

"वेग हवा तर हा घ्या, काका. वजन म्हणजे मेमरी, ती कमी खाणारा हवा तर तो. आणि दाराचं नाही कळलं."

"आत मी काय केलं ते बाहेर कळायला नको."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "कुणाला कळायला नको?"

"घरात."

"काकूंना?"

"मुख्य त्यांनाच."

तो उठला, दुकानाचं दार लोटून घेतलं, परत येऊन माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. "काका, वय काय तुमचं?"

"एकाहत्तर."

"शाबास," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. तिन्ही ब्राउझर एका पेनड्राइव्हवर टाकून दिले आणि दारापर्यंत सोडायला आला. "तिसरा तुमच्या कामाचा. बंद केलात की सगळं पुसून मोकळा. कुणाच्या बापाला कळणार नाही. फक्त जपून, काका. हृदयाचं बघा."

हृदय माझं ठणठणीत होतं. तो एक खोली बाजूला चुकला नसता तर चांगला डॉक्टर झाला असता.

बुधवारी दुपारी बायको आत आडवी झाली आणि मी चाचणी घेतली. पहिला ब्राउझर खरंच वेगवान. रुग्णालयाचं पान बोट उचलायच्या आत हजर. पण आठ माणसांच्या लिफ्टमध्ये एकट्या हत्तीने शिरावं तसा त्याने डब्यात शिरून सगळी जागा व्यापली. डबा तापला, पंखा भणभणायला लागला, टेबल थरथरायला लागलं.

"अहो," आतून आवाज आला, "यावेळी मिक्सर कशाला लावलाय?"

"नाही गं, बाहेर विमान गेलं."

"आपल्या खोलीतून?"

दुसरा ब्राउझर हलका, गुणी, डबा गार. पण रुग्णालयाच्या पानाचं आणि त्याचं पटेना. पान अर्धंच यायचं. वर माझं नाव, वय, रुग्ण क्रमांक, आणि त्याखाली नुसती पांढरी जागा. मला क्षणभर वाटलं, हाच रिपोर्ट.

तिसरा ना फार वेगवान ना फार हलका, पण दार मात्र असं लागायचं की बोटभर फट नाही. मी तोच ठेवला. अक्षरं मुंगीएवढी केली, पडद्याला नाक लावलं आणि वाचायला बसलो. मग कळलं की डॉक्टर प्रश्नाला प्रश्नाने उत्तर का देत होते. एका पानावर लिहिलं होतं, या अवस्थेत शंभरांतले अठराजण पाच वर्षांपुढे जातात. शंभर माणसं चढवून अठरा वर पोचवणारी लिफ्ट मी त्याच दिवशी कुलूप लावून बंद केली असती. इथे तर आतून बटण दाबून उभं राहायचं होतं.

तिसऱ्याची एकच खोड. काही म्हणजे काहीच त्याच्या लक्षात राहायचं नाही. रोज उघडला की पहिल्यापासून सुरुवात. आपण कोण, पासवर्ड काय, कुठे जायचं. मी एकाहत्तरचा, आणि हा असा. दोन विसराळू म्हातारे बाकावर बसून एकमेकांना पत्ता विचारताहेत, तशी आमची जोडी. गुरुवारी तीनदा पासवर्ड चुकला आणि साइटने मला तासभर बाहेर उभं केलं.

तेव्हा मी आमच्या धंद्याचा जुना उपाय केला. लिफ्टच्या मशीनरूममध्ये पॅनेलला सुतळीने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असतं. ज्याने यंत्राला हात लावला, त्याने त्यावर लिहायचंच. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. आमचे साहेब म्हणायचे, पाना विसरलात तर चालेल, कार्ड विसरू नका. मी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, भोक पाडलं, सुतळी ओवली, पासवर्ड वगैरे जे हवं ते सुवाच्य अक्षरात लिहून काढलं, आणि डब्याच्या पाठीमागे वायरींच्या गुंत्यात बांधून टाकलं. तिथे कोण कशाला बघायला जातंय.

त्यानंतर सगळं तेल घातल्यासारखं चालू होतं, रविवारपर्यंत.

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम बघतो, आणि त्याच कोपऱ्यावरच्या दुकानातून माल घेतो, हे मी विसरलो होतो. जेवण झाल्यावर त्याने मला गॅलरीत नेलं. बॉम्ब निकामी करणारी माणसं बोलत असतील तसा तो हळू बोलत होता.

"बाबा, डबा ठीक चालतोय ना?"

"उत्तम."

"नवीन ब्राउझर टाकलात."

"जुना मंद होता."

"आई म्हणाल्या, रोज दुपारी दोन तास बसता. चार दिवस. मी आत्ता बघितलं. चार दिवसांत एका पानाची नोंद नाही."

"मग बरंय की. स्वच्छ कारभार."

"बाबा, इतकं स्वच्छ काही नसतं."

मी कुंडीतलं एक वाळकं पान तोडलं. त्यानेही एक तोडलं.

"मी समजू शकतो," तो कुंडीला म्हणाला. "वय झालं तरी माणूस आहे. ते तसले व्हिडिओ..."

आता इथे माझ्यापुढे दोनच बटणं होती. नाही म्हणावं, तर 'मग काय बघता?' हा प्रश्न. हो म्हणावं, तर तोंड काळं. न केलेल्या पराक्रमांचं श्रेय मी जन्मभर घेत आलोय, पण हे उचलताना जड गेलं. मी मान खाली घातली. नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. जावयाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "असू द्या, बाबा. इतकं मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, गॅलरीतलं गॅलरीत राहील. त्याने सोमवारी बायकोला सांगितलं. त्याच्या, म्हणजे माझ्या मुलीला. मंगळवारी दोघं एक मोठी पिशवी घेऊन हजर. बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती, नळ सोडलेला.

"हा डबा आम्ही नेतोय," मुलगी म्हणाली. डोळे सुजलेले.

"कशाला?"

"तसल्या साइटवरून व्हायरस येतात, बाबा," जावई म्हणाला. "आमच्या ऑफिसात एकजण आहे, पुसलेलंसुद्धा खणून काढतो."

तिसऱ्या ब्राउझरने दार कितीही घट्ट लावलेलं असो, तो एकजण पहार घेऊन आला तर? शुक्रवारला तीन दिवस उरले होते. मी डब्यापुढे हात पसरून उभा राहिलो.

"नेऊ नका."

"काय आहे त्यात?" मुलगी म्हणाली. "खरं सांगा. बाबा, एकदा तरी खरं सांगा."

"व्हिडिओ नाहीत," मी म्हटलं. "एक बाई आहे."

आत नळ वाहत होता.

"कोण बाई?"

आता गोष्ट सांगायची म्हटल्यावर मला माझा सूर सापडला. "तू तेव्हा सहा वर्षांची असशील. एका जुन्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत एक बाई होत्या. मी वरच्या झडपेतून आत उतरलो, आणि माझ्या वजनाने ब्रेक धरला तो धरलाच. पाच तास आम्ही आत."

"पाच तास?" जावयाच्या भुवया वर गेल्या.

"साडेचार," मी म्हटलं. आकडा खाली आणला की माणसं विश्वास ठेवतात, हे मी शिडीवरून पडून शिकलो होतो. "त्यांच्या मांडीवर एक खोका होता. खोक्यात कासव."

"कासव?"

"पाठीला चीर गेली होती त्याच्या. डॉक्टरकडे नेत होत्या."

आतला नळ बंद झाला.

कासवाने काम केलं. मुलगी खुर्चीवर बसली. जावयाने पिशवीची घडी घातली. बाई रचणारे खूप असतात, पण कासव कोण कशाला घालेल? मी तर स्वतःच थोडासा हललो.

"आणि आता ती तुम्हाला लिहिते?" मुलीने विचारलं.

"अधूनमधून."

"काय लिहिते?"

"कासव बरं आहे म्हणून."

मुलगी उठली. "शुक्रवारी आईचं ऑपरेशन होऊ दे. तोवर तिच्या कानावर एक शब्द जाता कामा नये. त्यानंतर तुम्ही आहात आणि मी आहे." आणि जाताना, विश्वास नको म्हणून, कीबोर्ड उपसून घेऊन गेली.

म्हणजे जे हवं होतं ते मिळालं. डबा जागेवर, शुक्रवार शाबूत. फक्त माझं तोंड काळं झालं होतं, आणि ते या घरात फारसं गोरं कधीच नव्हतं. माझी तारीख ऑपरेशननंतरच्या सोमवारची होती. ती बदलली की काय हे बघायला आता कीबोर्ड नव्हता, पण तेवढं नशिबावर सोडलं.

ते गेल्यावर बायको भिंतीला हात लावत लावत बाहेर आली. आता हे सांगायला हवं की तिने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. एका वेळी चार लाइनी कानात.

"कासव केवढं होतं हो?" तिने विचारलं.

मी हात पसरून दाखवले. मग लक्षात आलं तिला दिसत नाही. म्हटलं, "ताटाएवढं."

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

बुधवार गेला. गुरुवार गेला. त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर मी निभावलं असतं. भांडणात मला गती आहे. पण ती गप्प बसली, आणि मला दिसायला लागलं की शुक्रवारी सकाळी ही म्हणणार, कशाला हवाय मला डोळा, काय बघायला. एका दुखण्यापासून तिला वाचवायला मी दुसरं देऊन बसलो होतो, आणि या दुसऱ्यावर तर इलाजच नव्हता. गुरुवारी संध्याकाळी तिने पिशवी भरली. टॉवेल, चपला, औषधाचे थेंब. पिशवीची चेन लावताना म्हणाली, "उद्या येणार ना सोबत? की कुणाला लिहायचं राहिलंय?"

मी बाथरूममध्ये जाऊन खोकून आलो.

शुक्रवारी सकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर जावई एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये मुलगी भिंतीसारखी. मला खोकला आला. रुमाल तोंडाशी धरला, आणि काढला तेव्हा त्यावर बटणाएवढा लाल डाग. मी रुमालाची नीट चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवला. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, माझ्याकडे न बघता.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वेळेवर आलात. आणखी महिनाभर थांबला असता तर काही करता आलं नसतं." मी भिंतीला टेकलो. जावयाला वाटलं, मी अपराधी भावनेने टेकलो.

मुलगी आणि जावई औषधं आणायला गेले. आत बायको पलंगावर, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मी स्टुलावर बसलो. म्हटलं, आता सांगून टाकावं. कुठून सुरुवात करावी हे जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली,

"सोमवारी साडेनऊ ना?"

"काय साडेनऊ?"

"तुमचं. दुसरा मजला, खोली सात. उपाशीपोटी यायचं, असं लिहिलंय."

मी थाप मारायला विसरलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"कुठे लिहिलंय?"

"कार्डावर. गेल्या शुक्रवारी धूळ पुसायला डबा पुढे ओढला, हाताला सुतळी लागली. भिंग घेऊन खिडकीत अर्धा तास वाचत होते. आधी वाटलं, जुन्या लिफ्टचं असेल. मग म्हटलं, लिफ्टला फुप्फुस कुठून आलं."

तुम्हाला ते कार्ड दाखवायलाच हवं. माझ्याच हातचं, ठळक, ओळीने:

बिघाड: उजवं फुप्फुस, गाठ. काय केलं: तुकडा तपासला, चांगला नाही. पुढची तपासणी: सोमवार साडेनऊ, दुसरा मजला, खोली ७, उपाशीपोटी. पासवर्ड: लिफ्ट३४. सूचना: घरात कळू देऊ नये.

जगातला सगळ्यात घट्ट दाराचा ब्राउझर मी निवडला होता, आणि दारावर पाटी लावून ठेवली होती.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, आधी तुझा डोळा. मी म्हटलं असतं, आधी तुमची छाती. दोघंही घरी बसलो असतो." तिने पलंगावर हात चाचपला, मी माझा पुढे केला. "तुम्हाला घेऊन हिंडायचंय आता. दोघांपैकी एकाला तरी दिसायला हवं."

शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी पाणी मागितलं, ते मी दिलं.

"आणि ती बाई?" मी म्हटलं. "तू ऐकलंस ना सगळं? तुला कळलंच असेल की ती..."

"साडेचार तास म्हणालात तेव्हाच कळलं. खरंच बाई असती तर तुम्ही निदान दोन दिवस तरी फुगवून सांगितले असतेत."

"मग तू आत भांडी घासत नुसती ऐकत होतीस?"

"भांडी कधीच झाली होती. रडत होते. त्या चार दिवसांत नळ बराच वाहिला, तुमच्या लक्षात नाही आलं, ते एक बरं झालं." तिने डोळ्यावरची पट्टी चाचपली. "कासव आलं तेव्हा बंद केला. म्हटलं हा माणूस मरायला टेकलाय आणि कासव कुठून आणतो."

मुलीला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिचं काय झालं ते लिहीत नाही. जावई खाली जाऊन गाडीतून कीबोर्ड घेऊन आला आणि स्वतः जोडून दिला.

सोमवारी बायको काळा चष्मा लावून माझ्यासोबत आली. रुग्णालयाच्या लांबच लांब बोळात ती मला खोल्यांचे आकडे पंधरा पावलांवरून वाचून दाखवत होती. "चार. पाच. ती सहा. ती बघा सात." मग तिने सातच्या दारावरची पाटीही वाचली, आणि ती वाचताना तिचा आवाज खाली आला. तिथल्या खिडकीच्या उजेडात तिने वर्षभरानंतर माझा चेहरा नीट पाहिला. "एवढे वाळलात?" ती म्हणाली. मी म्हटलं, "चष्म्यामुळे वाटतं तसं."

तर उपचार चालू आहेत. दर तीन आठवड्यांनी खुर्चीवर बसवून हातात औषध थेंब थेंब सोडतात. केस गेले. मुलीच्या फोनवर टोपांच्या जाहिराती आल्या, कारण आता सगळं उघडउघड जुन्या चोंबड्या ब्राउझरवरूनच शोधतात. अठरांत जागा मिळते का बघतोय. डॉक्टर अजून प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतात.

एकच गोष्ट हाताबाहेर गेलीय. मुलीला कार्ड दाखवलं, रिपोर्ट दाखवले, बाई नव्हती हे आईच्या तोंडून वदवलं. ती सगळं ऐकून घेते. मग आई जरा बाहेर गेली की माझ्या खुर्चीजवळ वाकते. "बाबा, दुखणं लपवायला बाई रचली, हे एक वेळ पटेल. पण कासव कुणी रचतं का? मी रागावले नाहीये आता. त्यांना कळवायचं असेल तर सांगा, मी लिहीन."

"अगं, नाही कुणी," मी म्हणतो.

"असू दे," ती म्हणते, आणि माझ्या हातावर थोपटते.

सत्तर वर्षांत माझी एकच गोष्ट कुणीतरी अशी मनापासून खरी मानली. ती मोडणं मला जमेना. शिवाय उपचारांच्या त्या खोलीत बोलायला दुसरं काही फार नसतं. म्हणून ती विचारते तेव्हा मी कासवाची खबर देतो. जेवतंय, चाललंय, चीर भरली. परवा तिने विचारलं, "वय काय हो त्याचं?" मी म्हटलं, साठ असेल.

"मागे चाळीस म्हणाला होतात."

खरंच म्हणालो होतो का? घरी येऊन सवयीने तिसरा ब्राउझर उघडला, की याला काही आठवतंय का. त्याने विचारलं, आपण कोण.

कासवाचं वय कार्डावर लिहून ठेवायला हवं होतं.